खुंटी मोकळी

शनिवार, २५ मे

पोचले एकदाची. बिलिंग्ज शहर सोडताना शेजारीण म्हणाली होती, त्या ओसाड गावात तू आठ दिवसांत वेडी होशील. इथे तर पहिल्याच तासाला हसून हसून बरगड्या दुखायला लागल्या. अर्विद पोस्टासमोर भर रस्त्यात दोन्ही हात हलवत उभा होता, माझी मोटार नाही, विमानच उतरवायचं असल्यासारखा. गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं म्हणून त्याने विचारलं, मी सांगितलं, त्याला ऐकू आलं नाही, मग मी ओरडून सांगितलं. आता माझ्या गुडघ्याची हकीकत सगळ्या ड्राय फोर्कला ठाऊक आहे.

छत्तीस वर्षं जुन्या रायफलींचे बार काढून माझ्या या धाकट्या भावाने आपले कान घालवले. कानातली यंत्रं निम्मा वेळ खिशातच असतात. लग्न केलं नाही, मांजर पाळलं नाही, एक काळी फेल्टची टोपी आणि एक रायफल एवढाच काय तो संसार. टोपीला इतका मेणचटपणा आलाय की चुलीत घातली तर दोन दिवस जळेल. तिच्यात खोचलेलं बदकाचं पीस मात्र दर वर्षी नवं असतं.

माझी खोली त्याने स्वतः रंगवून ठेवली आहे, पांढरीशुभ्र. मी कौतुक केलं तर म्हणाला, नेमबाजीच्या क्लबातल्या लोखंडी गव्याचा रंग उरला होता.

मी इथे का आले, तेही लिहून ठेवते. पंधरा जूनला क्लबाची वार्षिक स्पर्धा आहे. अर्विद चारदा दुसरा आलाय. दुर्बिणीतून वारा बघून सांगणारा माणूस पाशी नसेल तर लांबच्या नेमबाजीत हात टेकावे लागतात, आणि त्याचा गस दोन वर्षांपूर्वी एकाएकी हे काम सोडून बसला, आता हिवाळ्यात वारलाही. अर्विद म्हणाला, तू तीस वर्षं लोकांना चष्मे दिलेस, आता मला डोळे दे. नवरा गेल्यापासून माझ्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं. आले झालं.

ही वहीही त्यानेच दिली. डाव्या पानावर वारा लिहायचा, उजवं पान माझं. पेन्सिल दोरीने बांधलेली आहे, कारण म्हणे मी लहानपणापासून हरवते.

रविवार, २६ मे

आज मैदान पाहिलं. आठशे यार्डांवर तो गवा, पोलादी पत्र्याचा, माणसाच्या छातीएवढा उंच. नुसत्या डोळ्यांना पांढरा ठिपका. गोळी लागली की रंग उडतो आणि काळा डाग दिसतो, म्हणून तो सारखा रंगवावा लागतो. ते काम अर्विदचं. दुसऱ्या कुणी केलं तर ओघळ राहतात, असं त्याचं मत आहे आणि ते तो सगळ्यांच्या तोंडावर सांगतो.

इथली एक रीत मला फार आवडली. गोळीबाराच्या ओट्यामागे एका खांबावर खुंटी आहे. पुढे मैदानात जाणाऱ्याने आपली टोपी तिथे अडकवायची आणि बोडक्या डोक्याने जायचं. टोपी दिसतेय तोवर कुणीही रायफलीला हात लावत नाही. परत आला की टोपी ज्याची त्यानेच काढायची. मग म्होरक्या ओरडतो, “खुंटी मोकळी!” आणि सगळे तेच परत ओरडतात. साठ वर्षांत कुणाला ओरखडा उठला नाही म्हणे. ना झेंडा, ना भोंगा.

म्होरक्या म्हणजे ड्वाइट पिकेट, वय अठ्ठ्याहत्तर, मिशा घोड्याच्या शेपटासारख्या. स्पर्धेचा पहिला बार सगळ्यात जुन्या नेमबाजाचा, म्हणजे त्याचा, आणि त्याला वारा सांगायचा सगळ्यात नव्या माणसाने, म्हणजे मी. मी म्हटलं, माझं चुकलं तर? तो म्हणाला, बाई, मान तुझा आणि चूकही तुझीच, मी फक्त चाप ओढणार.

बुधवार, २९ मे

दुर्बीण निवडायला तीन दिवस गेले. क्लबातल्या प्रत्येकाला आपलीच दुर्बीण जगात भारी वाटते. पोरं सगळी साठपट मोठं करून बघतात आणि मग काहीच दिसत नाही म्हणून डोळे चोळत बसतात. अरे, चित्र मोठं केलंत तशी गरम हवेची थरथरही मोठी झाली ना! माझ्या मते पंचवीस-तीस पट पुष्कळ. पुढची काच मात्र रुंद हवी, म्हणजे उजेड भरपूर येतो. डोळ्याकडची नळी वाकडी हवी, म्हणजे बाकावर बसून मान न मोडता बघता येतं. आणि चष्मा न काढता दिसायला हवं, नाहीतर माझ्यासारखीने काय करायचं? शिवाय तिवई जड हवी. हलक्या तिवईवर भारी दुर्बीण ठेवणाऱ्याची मला दया येते.

असं सगळं असलेली एकच दुर्बीण गावात निघाली, ती गसची. त्याची बायको मेव्हिस नदीपलीकडे राहते. मी रुबार्बच्या आंबट देठांचा पाई भाजून नेला. पैसे घेईना. म्हणाली, ने, कपाटातली जागा तरी मोकळी होईल. देताना पेटीवर हात ठेवून जरा थांबली. मग पाईचं कौतुक करत बसली.

शुक्रवार, ३१ मे

दुर्बीण म्हणजे लोणी आहे! चित्र स्पष्ट करायचं नळीवरचं कडं इतकं अलगद फिरतं. दोनशे, चारशे, सहाशे, आठशे यार्डांना कडं कुठे येतं तिथे मी लाल नेलपॉलिशचे ठिपके दिलेत. अर्विद हसला, तर म्हटलं, तुझ्या नखांनाही लावते.

गुपित असं, की वारा बघायचा तर गव्यावर बघायचंच नाही. कडं अलीकडे घ्यायचं, अर्ध्या वाटेवर. गवा धूसर होतो आणि मधल्या हवेतलं मृगजळ दिसायला लागतं, ओढ्याच्या पाण्यासारखं वाहणारं. डावीकडून वाहिलं तर वारा डावीकडचा. सरळ वर उकळलं तर थांबायचं, वारा पालटणार असतो. नेम किती रेघा सरकवायचा तो आकडा सांगितला, बार झाला, की कडं झरकन आठशेवर न्यायचं आणि गोळी कुठे बसते ते बघायचं. या जड गोळ्यांना तिथवर पोचायला तीन सेकंद लागतात. कडं फिरवायला तेवढे पुरतात.

आज दहापैकी आठ. अर्विदने मला उचलायचा प्रयत्न केला. गुडघ्यासकट.

रविवार, २ जून

एक गंमत झाली. सरावाच्या आधी मृगजळ बघत होते, कडं दोनशेच्या ठिपक्यावर. मध्येच एक माणूस दिसला. पाठमोरा, बोडक्या डोक्याचा, हातात रंगाची बादली, पुढे चाललेला. मी हात वर करून ओरडले. सगळ्यांनी रायफली खाली ठेवल्या. ड्वाइटने खुंटीकडे पाहिलं, ती रिकामी. मैदानावर चिटपाखरू नव्हतं. मी परत दुर्बिणीला डोळा लावला, तर मलाही दिसला नाही.

ड्वाइट म्हणाला, मृगजळात कधी कधी झुडूपही चालायला लागतं, नव्या माणसाचं होतं असं. बाकीचे दिवसभर मला झुडपांच्या तब्येती विचारत होते. मीही हसले. पण झुडपाला बादली नसते.

गुरुवार, ६ जून

परत तोच, आज चारशेच्या ठिपक्यावर. तिथे काचेसारखा स्पष्ट, पाटलोणीचे पट्टेही दिसतात. कडं जरा पुढे ढकललं की नाहीसा. नुसत्या डोळ्यांनी नाही, दुसऱ्याच्या दुर्बिणीतूनही नाही. आमच्या दुकानात असती तर मी ही दुर्बीण खोलून बघितली असती. खरं तर काल ओट्यावर बसून खोललीच. आत काही नाही, काचा स्वच्छ.

मी या वेळी कुणाला सांगितलं नाही. अर्विदचे दहापैकी नऊ लागले. त्याचा चेहरा असा खुलला होता की मला बोलवेना.

सोमवार, १० जून

सहाशे. म्हणजे तो पुढे पुढे जातोय, गव्याकडे. कधी वळून बघत नाही. आज नवीन एवढंच की डोक्याच्या मागे पांढरी चौकोनी पट्टी दिसली, जखमेवर लावतात तशी.

मनाशी म्हटलं, बोडका आहे ना? म्हणजे टोपी खुंटीवर ठेवून गेलाय. मग त्याला कसली भीती. असं म्हटल्यावर जरा बरं वाटलं.

बुधवार, १२ जून

अर्विद माइल्स सिटीहून आला. मोटारीतून उतरताना माझी थट्टा करत होता. मग वळला.

डोक्याच्या मागे पांढरी चौकोनी पट्टी. उन्हाने आलेला कसलासा डाग डॉक्टरने कापून काढला म्हणे. काळजी करण्यासारखं नाही म्हणे. माझ्या हातातून बशी पडली. त्याला तीही ऐकू आली नाही.

गुरुवार, १३ जून

सकाळी मेव्हिसकडे गेले. तिने दारातच ओळखलं. रडायलाच लागली. म्हणाली, गस म्हातारपणी काहीबाही बोलतोय असं मला वाटलं, नाहीतर तुला दिली असती का गं?

गसलाही तो दिसायचा. पाठमोरा. आधी तो हसण्यावारी न्यायचा. मग एक दिवस घरी आला आणि दुर्बीण पेटीत घालून कुलूप लावलं. माणूस कोण, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. एवढंच म्हणायचा की मी वारा सांगितला नाही तर बार होणार नाही. म्हणून त्याने अर्विदचं काम सोडलं. आणि अर्विद दोन वर्षं त्याच्याशी बोलला नाही, त्याच्या मातीलाही रागारागाने उभा होता.

दुपारी अर्विदला सगळं सांगितलं. ओरडून, मग वहीत लिहून. त्याने वाचलं. माझा हात हातात घेतला, लहानपणी घ्यायचा तसा. म्हणाला, थोरा, मला मारायचं असेल तर तुझ्या मटणाच्या रश्श्याने मार, दुर्बिणीने कशाला? मी रडले. मग त्याने शपथ घेतली की शनिवारी तो गवा रंगवायला जाणार नाही, दुसऱ्या कुणाला पाठवेल.

तो शपथ कशी घेतो ते मला माहीत आहे. दारू सोडायची शपथ त्याने आईपुढे सहादा घेतली होती.

शुक्रवार, १४ जून

दिवसभर पाऊस. मैदानाची चिकट माती झाली आहे, गाड्या रुततात. गव्यावर चिखल उडालाय म्हणे. अर्विद खिडकीशी उभा राहून तीनदा म्हणाला, घाणेरडा दिसत असेल. तीनदा.

दुर्बीण नदीत टाकावी असं मनात आलं. पण मग तो कुठवर पोचला ते दिसणारही नाही. मला बघितलं पाहिजे. मी बघत असले तरच —

एक सुचलंय. टोपी. टोपी नसेल तर तो खुंटीवर काय ठेवणार? आणि काही ठेवल्याशिवाय तो मैदानात पाऊल टाकणार नाही. छत्तीस वर्षांत टाकलेलं नाही. नुसती टोपी लपवायची.

रात्री ती उशाशी घेऊन झोपतो. उद्या बघू.

शनिवार, १५ जून
सकाळी ८.१०

मैदानावर. ऊन लख्ख. शंभरावर माणसं, पॅनकेकचा वास. टोपी त्याच्या डोक्यावरून निघेना. मी मागेमागे फिरतेय. लोक म्हणतात, अर्विदला अंगरक्षक मिळाला.

८.४०

कॉफीच्या रांगेत तो नजरेआड झाला. रंगाच्या शेडकडे गेला असं कुणीतरी म्हणालं. धावत गेले, जेवढं धावता येतं तेवढं. टोपी खुंटीवर. आत्ताच अडकवलेली, पीस अजून हलतंय. तो शेडमध्ये रंग ढवळत असणार. म्हणजे निघायच्या बेतात.

काढली. कुणी पाहिलं नाही. दुर्बिणीच्या पेटीत तळाला घातली, वर फडकं टाकलं. मी पेटीवर बसले आहे.

आता बघ कसा जातोस.

८.५५

शेडपाशी दिसत नाही. मागे टोपी शोधत असेल. शोधू दे. रागावू दे. संध्याकाळी पाया पडेन त्याच्या.

जीव भांड्यात पडला, खरंच.

९.००

ड्वाइट आडवा झालाय, रायफल टेकणीवर. मला जवळ बोलावलं. बाकीच्यांच्या दुर्बिणी अजून पेट्यांत, सगळे कॉफीचे पेले घेऊन मागे उभे. ड्वाइटने खुंटीकडे पाहिलं. ओरडला. सगळे ओरडले. मीही ओरडले. खुंटी मोकळी.

कानांवर सगळ्यांनी आवाज रोखणारी बोंडं चढवली.

९.०२

कडं पाचशेच्या आसपास. मृगजळ डावीकडून, संथ.

तो आहे. गव्यापाशी, वाकलेला. पण आज काचेसारखा नाही. धूसर, डोळ्यांत पाणी आल्यावर दिसावं तसा. विरत चाललाय. टोपी काढून घेतली म्हणून विरतोय. देवा, सुटलो.

वारा डावीकडे दोन रेघा. सांगितलं ड्वाइटला. बार —

कडं आठशेवर नेलं, गोळी बघायला.

गेला नाही. आठशेवर स्पष्ट झाला. काचेसारखा. पट्टी, ब्रश, ओघळ पुसत होता बोटाने. गुडघ्यापर्यंत चिखल. चालत गेला होता, माती ओली म्हणून चालत — माझ्या आधीच गेला होता, पीस तर नुसतं वाऱ्याने हलत होतं. टोपी ठेवूनच गेला होता. रीत पाळूनच.

तीन सेकंद. मी ओरडले. सगळ्यांच्या कानांवर — आणि त्याची यंत्रं तर खिशात —

त्याने मागे वळून पाहिलं. का वळला? ऐकू येत नाही त्याला.

९.२०

सगळे तिकडे धावत गेलेत, चिखलातून. मी बाकावरच. गुडघा उचलत नाही. ड्वाइट इथेच बसलाय, जमिनीवर. सारखा एकच विचारतो. खुंटी मोकळी होती ना, थोरा? तू पाहिलीस ना? मोकळी होती ना?

मी हो म्हणाले.

९.३०

आठशेवर माणसं वाकलेली दिसतात. एकाने कोट काढून पांघरला. तिकडे बघवत नाही म्हणून कडं मागे घेतलं.

सहाशेच्या ठिपक्यावर तो आहे. बोडका. बादली नाही आता. पाठमोरा नाही.

इकडे येतोय.

९.३४

चारशे. शर्टाची बटणं मोजता येतात. पुढून शर्ट — नाही लिहिणार. हात डोक्याकडे नेतो, चाचपतो, खाली आणतो. परत नेतो.

ड्वाइटला म्हटलं, बघ. त्याने पाहिलं. काही नाही म्हणाला. काही नाही गं तिथे.

९.३७

दोनशे. चालायची घाई नाही. रागावलेला नाही. तसा असता तर बरं. लहानपणी काही हरवलं की माझ्याकडेच यायचा, तसंच तोंड —

डोळा काढता येत नाही. काढला तर कुठे पोचला ते कळणार नाही.

९.३९

कडं अजून अलीकडे. अजून. शेवटाला टेकलं, आता फिरत नाही. याहून जवळचं या दुर्बिणीला दिसत नाही. सगळी काच पांढरी, मध्ये काहीतरी काळपट हलतंय.

ओल्या रंगाचा वास.

पेटी माझ्या खालीच आहे. उठते, अर्विद. देते. मीच काढली होती, तुला वाचवायला, ज्याची त्यानेच काढायची असते हे मला माहीत होतं, तरी मी — थांब, फडक्याखाली आहे, हात नको लावूस, मी देते, माझ्या हातानेच तुझ्या डोक्यावर